खाट कुठे जायची

कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं आणि घरातल्या सगळ्यांची तोंडं एकदम बंद झाली. या घरात असं सहसा होत नाही.

वरच्या पायरीवर आबा काठी रोवून उभे होते. त्यांच्या मागे दारात थोरली सून, गळ्यात शिवणकामाची टेप, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बरणी. मध्ये ते लाकडी कपाट, पोट पुढे काढून बसलेल्या पाहुण्यासारखं ऐसपैस रुतलेलं. आणि कपाटाच्या पलीकडे, खालच्या बाजूला, आबांचा धाकटा मुलगा. त्याचं नुसतं टक्कल दिसत होतं. त्याच्याबरोबर त्याच्या बँकेतला शिपाई मदतीला आला होता, तो "जरा पाणी पिऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच.

"डावीकडे घे जरा," आबा म्हणाले.

"कुणाच्या डावीकडे?"

"कपाटाच्या!"

"कपाटाला कसलं आलंय डावं-उजवं, आबा!"

"मुकादमाचा पोरगा आणि कपाटाचं डावं कळत नाही तुला?"

पलीकडून नुसतं कण्हणं आलं. धाकट्याच्या कमरेला पट्टा होता, डॉक्टरांनी पाण्याची बादली उचलायलाही मनाई केली होती, आणि सकाळपासून गडी छाती फुगवून सगळ्यांना सांगत होता, रक्तातच आहे आपल्या, रक्तातच. आता ते रक्त टकलाकडे चढलं होतं.

आबांनी उभा जन्म लोकांची घरं हलवण्यात घालवला होता. अर्ध्या शहराचे पलंग, आरसे, शिवणयंत्रं, एका गायनशाळेचा पियानोसुद्धा त्यांच्या टोळीच्या पाठीवरून इकडचे तिकडे गेले होते. त्यांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, मुकादम म्हटलं की झालं. आणि मुकादमाचं स्वतःचं बिऱ्हाड मात्र लग्न झाल्यापासून याच तिसऱ्या मजल्यावर, जिथे लिफ्ट नाही आणि वर दुसरं कुणी राहत नाही. हे कपाट त्यांनी एका जोडीदाराला घेऊन, पाठीवर दोर टाकून, याच जिन्यानं वर आणलं होतं. सासूबाईंसाठी. थोरली या घरात आली तेव्हा सासूबाईंनी कपाटाची गोष्ट पहिली सांगितली होती आणि नवऱ्याची ओळख नंतर करून दिली होती.

आता आबांचे गुडघे गेले होते. कित्येक महिने ते खाली उतरले नव्हते. गॅलरीत बसून रस्त्यावरच्या टेम्पोवाल्यांना वरूनच शिव्या घालायचे, "अरे गादी खाली टाक आधी, गाढवा!" पण आवाज खाली पोचायचा नाही. ते थोरलीला बघवत नव्हतं. म्हणून तिनं दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावरची जागा घेतली. पुढे दुकान, मागे घर, आणि दारात आबांची खुर्ची मावेल एवढा ओटा. थोरला गेला तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं होतं की ही पोरीला घेऊन माहेरी जाईल. ती गेली नाही. बाहेरच्या खोलीत मशीन मांडून शाळांचे गणवेश शिवायला बसली, पोरीला शिकायला बाहेरगावी पाठवलं आणि ही जागा उभी केली. कुणाचा एक शब्द ऐकून घेतला नाही.

आबांनी जागेला नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं. मग थोरलीनं सामान हलवणाऱ्या कंपनीला फोन केला, उद्या सकाळी गाडी येणार हे ठरलं आणि आबांचं टाळकं सरकलं.

"माझ्या घरात परकी माणसं सामान उचलणार? मुकादमाच्या? शहर हसेल."

"आबा, उचलणार कोण मग? भाऊजी?"

"बाकी काय ते नेऊ देत. माझ्या कपाटाला मात्र आमचेच हात लागतील."

म्हणून हा आजचा घाट. सकाळी थोरली गळ्यातली टेप काढत म्हणाली होती, "आबा, जिना एकदा मोजून घेऊ का?" त्यावर आबांनी स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं होतं, "माझी टेप ही." मोठ्या माणसाला दोनदा काय सांगायचं, म्हणून ती गप्प बसली होती.

आता गप्प बसून भागण्यासारखं नव्हतं, कारण खालून चपलांचा टकटक आवाज येत होता. हेडबाई. ही आबांची लेक, थोरलीची नणंद. शाळेची मुख्याध्यापिका असल्यामुळे घरात तिला सगळे मागून हेडबाई म्हणायचे, आणि तिला ते माहीत होतं.

"हे काय?" कपाटापलीकडून आवाज आला.

"कपाट," धाकटा म्हणाला.

"ते दिसतंय मला. इथे काय करतंय?"

"विसावलंय जरा."

"आबा! तुम्ही आहात का तिकडे?"

"मी कुठे जातोय? हाच एक रस्ता होता," आबा म्हणाले.

अशी ती बैठक भरली. दोघं खाली, दोघं वर, आणि मध्ये सासूबाईंचं कपाट. थोरलीनं चहा केला आणि कपाटाच्या माथ्यावरून कप सरकवले. पलीकडून आधी धाकट्याचा हात आला, मग हेडबाईचा बांगडीवाला.

"वहिनी, साखर कमी आहे," हेडबाई म्हणाली.

"साखरेचा डबा पॅक झालाय, ताई."

"झालाय ना पॅक. सगळं झालंय. आम्हाला कळायच्या आत सगळं झालंय!" इथून हेडबाईचा आवाज चढला. "आबा, मी आज स्पष्टच बोलायला आलेय. तुम्हाला हे घर सोडायचं नव्हतं, हे मला माहितीय. वहिनीनं जागा घेतली, तिची सोय तिनं बघितली, ठीक आहे. पण दुकानाच्या मागच्या खोलीत, मशीनच्या खडखडाटात राहायची तुम्हाला काय गरज? माझ्याकडे चला. लिफ्ट आहे. तुमच्यासाठी खोली रिकामी आहे."

थोरलीच्या हातात कप तसाच राहिला.

"ताई, आबांच्या खोलीची भिंत मी दुहेरी करून घेतलीय," ती म्हणाली. "मशीनचा आवाज जात नाही."

"आवाजाचं नाही गं नुसतं. लोक काय म्हणतात ते तुझ्या कानावर येत नसेल. सुनेनं म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं म्हणतात."

"कोण म्हणतं?" आबांनी विचारलं.

"लोक."

"लोकांचं सामान मी वाहिलंय. लोकांच्या गाद्यांखाली काय काय असतं ते मला विचार."

धाकटा फिस्सकन हसला आणि चहा सांडला. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला कुणाच्या तरी बाजूनं बोलायला हवं. सकाळी तो आबांच्या बाजूचा होता. आता कंबर त्याला दुसरंच काही सुचवत होती.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "उद्या ती कंपनीची माणसं येतातच आहेत, तर कपाट त्यांनाच काढू दे. त्यांचं कामच आहे ते. नाहीतर करवत आणू. दोन तुकडे केले तर..."

"करवत?" आबा आणि हेडबाई एकाच वेळी ओरडले.

"आईच्या कपाटाला करवत लावतोस?" हेडबाई म्हणाली. "लाज वाटते का?"

"मी नुसतं सुचवलं!"

"तू सुचवूच नकोस. तू पट्टा घट्ट कर आणि घरी जा."

आबा बराच वेळ कपाटाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग त्यांनी काठी एकदा पायरीवर आपटली. टोळीच्या दिवसांत असा आवाज झाला की माणसं जागच्या जागी थांबायची. आजही तिघं थांबले.

"उद्या गाडी येऊ दे. बाकीचं सामान जिथे जायचंय तिथे जाईल. माझी खाट कुठे जायची ते मी उद्या सांगीन."

"आबा, पण..." हेडबाई म्हणाली.

"उद्या म्हटलं ना!"

खाली चपला टकटकत गेल्या, मागून धाकट्याचं कण्हणं गेलं. थोरलीनं कप गोळा केले. तिला रडू येत होतं आणि रडण्याचा राग येत होता. सरळ म्हणता आलं असतं, आबा, माझ्याकडेच राहा, तुमच्याशिवाय ते घर मला घर वाटायचं नाही. पण या घरात तिनं कधी कुणापुढे पदर पसरला नव्हता आणि आबांनीच तिला ते शिकवलं होतं. विनवणी करून मिळालेले आबा तिला नको होते. आपणहून आलेले हवे होते.

खोलीत येऊन ती भांडी गुंडाळत बसली. थोड्या वेळानं आबा समोर येऊन बसले आणि त्यांनी एक खोकं पुढे ओढलं.

"ताटल्या आडव्या नाही ठेवायच्या. उभ्या. उभी ताटली फुटत नाही."

"माहितीय, आबा. तुम्हीच सांगितलंय."

"मग आडव्या का ठेवल्यास?"

तिनं खाली बघितलं. खरंच आडव्या ठेवल्या होत्या. आबांनी एकेक ताटली काढली, उभी केली, मध्ये कागदाचे बोळे कोंबले. हात अजून पूर्वीसारखेच चालत होते. खोकं बांधताना त्यांनी आपली ती जुनी गाठ मारली, एका झटक्यात सुटणारी, आपणहून मात्र कधीच न सुटणारी.

सकाळी गाडी आली. निळे टी-शर्ट घातलेली माणसं, घोंगड्यांच्या गुंडाळ्या, खोक्यांचे गठ्ठे, आणि त्यांचा एक सुपरवायझर, कानावर पेन्सिल, आवाज घोगरा. तो जिन्यानं वर आला तो कपाटाशी येऊन थांबला.

"हे आमच्या माणसांनी नाही ना अडकवलं?"

"नाही," धाकटा मान खाली घालून म्हणाला. आज तो आणि हेडबाई पुन्हा पलीकडे उभे होते.

सुपरवायझरनं कपाट हलवून बघितलं नाही. तो खाली वाकला, मग बाजूला गेला, मग त्यानं जिन्याच्या लोखंडी कठड्यावर बोटानं टकटक केलं.

"काका," त्यानं कपाटावरून विचारलं, "हे वर आणलं तेव्हा हा कठडा होता का?"

थोरलीनं आबांकडे बघितलं. आबांच्या मानेवरची शीर हलली. आता उसळतील, असं तिला वाटलं. जिना आकसलाय म्हणतील, धाकट्याला बोल लावतील, काहीही म्हणतील.

"नव्हता," आबा म्हणाले. आणि मग सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "घरमालकानं मागून बसवला. मी वळण लक्षात ठेवलं आणि कठडा विसरलो. चूक मुकादमाची आहे. पोराची नाही."

धाकट्यानं मान वर केली. आबांनी आपली बाजू घेतलेली त्याला बहुतेक शाळेनंतर पहिल्यांदाच ऐकू येत होती.

"कोण मुकादम?" सुपरवायझरनं विचारलं.

"मीच. याच धंद्यात होतो."

"मग तुम्हीच सांगा काका, कसं आणलं होतं?"

"उभं. पाठ भिंतीकडे. वळणावर आधी खालचं टोक, मग डोकं."

"मग तसंच काढू. कठडा सोडवतो आम्ही, परत बसवून देतो."

स्क्रू सुटले, कठडा बाजूला झाला. माणसांनी कपाटाला घोंगड्या गुंडाळल्या आणि दोराऐवजी रुंद पट्टे टाकले. आबांचे डोळे बारीक झाले.

"दोर नाही?"

"पट्टा बरा पडतो, काका."

"दोर करकरतो. पुरे झालं म्हणून सांगतो. तुमच्या पट्ट्याला बोलता येतं का?"

"येतं की," सुपरवायझर हसला. "हात लावून बघा. जास्त झालं की तारेसारखा थरथरतो."

आबा काठी टेकत दोन पायऱ्या उतरले आणि त्यांनी पट्ट्यावर तळवा ठेवला. कपाट उचललं गेलं, वळणावर फिरलं, आबांचा हात पट्ट्यावरच होता. "बस... बस... आता सोड!" ते म्हणाले, आणि परक्या माणसांनी त्यांचं ऐकलं. कपाट निघालं. कुठे ओरखडासुद्धा नाही. हेडबाई भिंतीला चिकटून उभी राहिली आणि कपाट पुढून गेलं तेव्हा तिनं डोळ्यांना पदर लावला.

"चांगली पोरं आहेत," आबा वर येत थोरलीला म्हणाले. "तुझी निवड वाईट नाही."

एवढंच. पण थोरलीला ते दिवसभर पुरलं असतं. फक्त खाटेचं अजून कुणी काही बोललं नव्हतं.

मग घर भराभर रिकामं होत गेलं. मशीन गेलं, खोकी गेली, गाद्या गेल्या. आबांची खाट तेवढी दाराबाहेर उभी करून ठेवली होती. सुपरवायझरनं दोनदा विचारलं, "ही कुठे घ्यायची?" आणि दोनदा आबा म्हणाले, "थांब जरा." ते मधल्या खोलीत वेताच्या खुर्चीवर बसले होते आणि सगळ्या भिंतींकडे बघत होते.

एक माणूस आत आला. "आजोबा, जरा उठता का? खुर्ची घेतो."

"ए!" दारातून सुपरवायझर ओरडला. "ती नाही. ती शेवटी. कितीदा सांगितलंय?"

आबांनी एकदम मान वळवली. थोरलीच्या हातातला झाडू थांबला.

ही गोष्ट या घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. फार पूर्वी, टोळी नवी असताना, आबांनी एका घरातलं सगळं सामान भरलं आणि वळून बघितलं तर त्या घरातली म्हातारी भिंतीला टेकून उभी. तिला बसायला त्या घरात काही उरलंच नव्हतं. तिच्या घरात तीच परकी झाली होती. त्या दिवसापासून आबांच्या टोळीत रीत पडली. एक खुर्ची शेवटपर्यंत भरायची नाही. घरातल्या मोठ्या माणसानं तिच्यावर बसायचं, त्याच्यासमोर घर हलायचं, आणि सगळं झालं की मुकादमानं स्वतः हात देऊन त्याला उठवायचं. मग आरोळी द्यायची, गाडी भरली. घर रिकामं झालं, असं टोळीत कुणी म्हणायचं नाही.

"का रे?" आबांनी विचारलं. "खुर्ची शेवटी का?"

"रीत आहे, काका. घरातलं मोठं माणूस उभं राहता कामा नये."

"तुमच्या कंपनीची रीत?"

"छे, सगळ्याच चांगल्या गाड्यांवर पाळतात. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते पाळायचे. त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. पहिल्यापासूनच आहे म्हणतात."

थोरलीनं तोंड उघडलं. तिला ओरडून सांगायचं होतं, अरे, तो माणूस तुझ्यासमोर बसलाय! आबांनी एक बोट वर केलं आणि ती थांबली. त्यांचा चेहरा तिनं इतक्या वर्षांत असा कधी बघितला नव्हता. शहरातल्या एकेका घरात, आपल्या माघारी, कुणा-कुणाला ती खुर्ची मिळत होती, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"बरी रीत आहे," आबा सावकाश म्हणाले. "ज्यानं काढली तो शहाणा असला पाहिजे."

दारात धाकट्यानं तोंडावर हात दाबला. हेडबाईनं त्याला कोपरानं ढोसलं, पण तिचेही ओठ थरथरत होते.

आबा काठीवर जोर देऊन उभे राहिले.

"पण तुझं एक चुकतंय. खुर्ची वयानं मोठ्याची नव्हे. ज्यानं घर उभं धरलं, त्याची."

"असं आहे होय?" सुपरवायझर गोंधळला. "मूळ रीत अशी आहे?"

"आजपासून आहे."

ते थोरलीकडे वळले.

"सूनबाई, झाडू ठेव. इथे बस."

"आबा, मी? तुम्ही उभे असताना?"

"माझा थोरला गेला तेव्हा हे घर गाडीत भरायच्या लायकीचं झालं होतं. तू भरू दिलं नाहीस. बस म्हणतोय ना."

तिचं पाऊल उचलेना. मग पाठीवर एक हात आला, बांगडीवाला.

"वहिनी, बस," हेडबाई म्हणाली. "आबा बरोबर बोलतायत. बस तू."

थोरली बसली. गळ्यातल्या टेपची टोकं दोन्ही मुठींत धरून बसली. आता तिला रडू आवरेना आणि आवरायचंही नव्हतं. रिकाम्या खोलीत मधोमध ती एकटी बसलेली, आणि सासरे, नणंद, दीर आणि निळ्या टी-शर्टातली परकी माणसं तिच्याभोवती उभी. अख्ख्या जन्मात तिच्यासाठी एवढी माणसं कधी उभी राहिली नव्हती.

सुपरवायझर खाकरला. "काका, गाडी निघायला हवी. ती खाट कुठे जायची?"

"जिथे ही खुर्ची जाईल तिथे," आबा म्हणाले.

सुपरवायझर हात द्यायला पुढे झाला, पण आबांनी त्याला काठीनंच मागे सारलं. "मुकादम अजून आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी आपला हात पुढे केला. थोरली तो धरून उठली. मग आबा दाराबाहेर गेले, माणसांनी परत बसवलेला कठडा एका हातानं पकडला आणि खाली तोंड करून, गाडीपर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी दिली, "गाडी भरली!"

आणि या खेपेला आवाज खालपर्यंत पोचला.